मदतीची तारीख

राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी म्हणून मी निवृत्त होईपर्यंत काम केले. आमचे कॉलेज सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातले. त्या सगळ्या काळात रक्तदान शिबिर चांगले झाले की नाही हे ओळखायची माझी खूण एकच होती: पिशव्या किती झाल्या. शंभर ओलांडले की शिबिर चांगले, मागच्या वर्षीचा आकडा ओलांडला की फार चांगले. विद्यापीठाकडे जाणाऱ्या अहवालात तोच रकाना आधी वाचला जायचा आणि स्थानिक पेपरातल्या बातमीचा मथळाही तोच असायचा. पूर, भूकंप अशा वेळच्या मदतीविषयीही माझे मत याच वळणाचे होते. बातमी आली की निघावे, जेवढे जास्त नेता येईल तेवढे न्यावे.

आज यातले जवळजवळ काहीच मला तसे वाटत नाही. का वाटत नाही ते नीट लिहायचे आहे, कारण माझ्या जागेवर आता तरुण प्राध्यापक आहेत, गावोगावच्या मंडळांत त्याहून तरुण मुले आहेत, आणि त्यांच्याही मनात आकडाच आहे.

जुन्या मताची बाजू आधी मांडते. ते किल्लारीच्या भूकंपाने दिलेले होते. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून दमलेली गावे झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे माळवद. अशी घरे झोपलेल्या माणसांवर बसली. हजारो माणसे गेली. जखमींची हाडे मोडलेली, अंगे चेंगरलेली, रक्त वाहून गेलेले. आम्ही तेव्हा तरुण होतो. भाकरी, धान्य, कपडे गोळा करून ट्रक भरले, रक्त द्यायला रांगा लावल्या. संकट आले की रक्त द्यायचे, हे समीकरण माझ्या मनात तेव्हा पक्के झाले ते पुढची पंचवीसेक वर्षे हलले नाही.

दुसरेही कारण होते. त्या काळात पैसे घेऊन रक्त देणारी माणसे होती. गरजेपोटी, व्यसनापोटी पुन्हा पुन्हा रक्त विकणाऱ्यांच्या रक्तातून आजार पसरत होते. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ ला निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून असे विकतचे रक्त बंद झाले. ती जागा भरून काढायला स्वेच्छेने देणारे हवे होते, आणि ते तयार करायचे काम आमच्यासारख्यांकडे आले. तेव्हा घरोघरी भीती होती. ‘पोराला अशक्तपणा येईल’, ‘पोरीचं अजून लग्न व्हायचंय’ हे मी पालकांच्या तोंडून कितीदा ऐकले असेल. ही भीती मोडायला मोठ्या शिबिराइतका चांगला उपाय नव्हता. वर्गातली मुले ओळीने कॉटवर झोपलेली दिसली की कडेला उभा असलेला घाबरटही बाही वर करायचा. रक्तसंकलनात महाराष्ट्र आज देशात पुढे आहे, त्यात या शिबिरांचा वाटा मोठा आहे. ते श्रेय मी कुणाकडूनही काढून घेणार नाही.

मग ऑगस्ट २०१९ आला. आमच्या जिल्ह्यात पावसाळ्यात माणसे एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, ‘आयर्विनवर किती फूट?’ सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ वर गेले की धोका. त्या वर्षी ते ५७ फुटांच्या पुढे गेले. सांगलीचा मारुती चौक पाण्याखाली, कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद, शिरोळ तालुक्यातली गावे बेटांसारखी तुटलेली. ८ तारखेला ब्रह्मनाळला माणसे बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसे बुडाली. जत-आटपाडीकडे मात्र त्याच दिवसांत शेतकरी आभाळाकडे बघत होते. आमचा भाग कोरडा, म्हणून आमची मुले मोकळी होती आणि अस्वस्थ होती. ती माझ्याकडे आली, ‘मॅडम, पूरग्रस्तांसाठी रक्तदान शिबिर लावू या, उद्याच.’

मी मिरजेच्या एका रक्तपेढीला फोन लावला. मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव. बेळगाव, विजापूरपासून रुग्ण तिथे येतात. फोनवर जे तंत्रज्ञ होते ते आमच्या शिबिरांना नेहमी येणारे, ओळखीचे. मला वाटले होते त्यांना आनंद होईल. ते म्हणाले, ‘मॅडम, पुरात अडकलेल्या माणसाला रक्त लागत नाही. त्याला बोट लागते, पाणी लागते, औषध लागते. रक्त लागतंय ते माझ्या नेहमीच्या पेशंटना, आणि त्यांच्यासाठी ठरलेली पुढची शिबिरं सगळी रद्द झालीत. तुमच्या सगळ्या पोरांचं रक्त एका दिवशी नका देऊ. थोडी थोडी पाठवा, महिनाभर.’

मला ते पटले नाही. मुलांचा उत्साह आज आहे, पंधरा दिवसांनी तो राहणार नाही, हे मी शिक्षिका म्हणून ओळखून होते. शिवाय आपल्याकडे द्यायला इतके असताना कुणी थांबा म्हणावे, हे मनाला लागलेही. मी तसे बोलून दाखवले. त्या गृहस्थांनी चिडचिड केली नाही. पुढे मी पेढीत गेले तेव्हा त्यांनी मला आत नेऊन एकेक गोष्ट दाखवली. मी त्या इमारतीच्या दारापर्यंत इतकी वर्षे जात होते. आतली कपाटे पाहायचे मला सुचले नव्हते.

आपण जी पिशवी देतो ती ३५० किंवा ४५० मिलीलीटरची. ती सहसा तशीच रुग्णाला चढत नाही. मोठ्या गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालून तिचे घटक वेगळे करतात. तांबड्या पेशी दोन ते सहा अंश तापमानाला ठेवतात. पिशवीत कुठले द्रावण आहे त्यावर त्या ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेटना मात्र थंडी चालत नाही. त्या वीस ते चोवीस अंशांना, सतत हलणाऱ्या फळीवर ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत संपवाव्या लागतात. ‘प्लेटलेट म्हणजे दूध, मॅडम. आजचं आजच्याच आसपास वापरायचं,’ ते म्हणाले. घटक वेगळे करायचे तेही रक्त घेतल्यापासून काही तासांच्या आत. यंत्राची जितकी ताकद तितक्याच पिशव्यांचे होते. एका दिवशी कितीही मोठा ढीग आणून टाकला तरी यंत्र वाढत नाही, फ्रीज वाढत नाही. शिवाय रुग्णाला देण्याआधी प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन्ही प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी व्हायची असते.

हे ऐकताना किल्लारीचे माझे समीकरण गळून पडले. त्या पहाटे माळवदाखालून काढलेल्या माणसाला पहिल्या काही तासांत जे रक्त चढले असेल, ते आमच्या रांगेतले नव्हतेच. तपासलेले, गट ठरलेले, फ्रीजमध्ये तयार असलेले रक्तच तेवढ्या वेळात चढवता येते. ते आदल्या काही आठवड्यांत कुणीतरी, कुठलीही बातमी नसताना, एखाद्या साध्या दिवशी दिलेले होते. किल्लारीच्या जखमींना त्या दात्याने वाचवले. त्याला भूकंप होणार हे ठाऊक नव्हते.

आणि पुरानंतरचे रक्त कधी लागते, तेही कळले. पाणी ओसरते, डबकी उरतात, डास वाढतात. डेंग्यूचे रुग्ण त्यानंतर येऊ लागतात. त्यातल्या काहींना प्लेटलेट लागतात. पंधरा ऑगस्टला ध्वजवंदनानंतर घेतलेल्या भव्य शिबिराच्या प्लेटलेट महिनाअखेरच्या त्या रुग्णाला मिळू शकत नाहीत. त्या केव्हाच टाकून द्याव्या लागलेल्या असतात. थॅलेसेमियाच्या मुलांचे तर आणखी वेगळे. त्यांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आयुष्यभर. पूर असो, निवडणूक असो, दिवाळी असो, त्यांची तारीख ठरलेली असते. त्या ऑगस्टमध्ये अशा मुलांचे आईवडील बंद रस्त्यांच्या पलीकडे अडकले होते. पूरग्रस्तांसाठी रक्त द्यायचे म्हणताना आम्हाला ती मुले दिसलीच नव्हती.

कपड्यांच्या बाबतीतही हेच झाले. आम्ही पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावी टेम्पो घेऊन गेलो. पाणी नुकतेच उतरले होते. शाळेच्या व्हरांड्यात आमच्याआधी आलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग होता, पावसाने भिजलेला, कुबट वास येणारा. रस्त्याच्या कडेलाही कपडे पडलेले. एक म्हातारी बाई आमच्या गठ्ठ्यांकडे बघून म्हणाली, ‘कापडं नगंत बाई. जनावरास्नी कायतरी बघा.’ दावणीला उभ्या म्हशींना चार दिवस नीट वैरण नव्हती. आमच्या मुलींना बायकांनी बाजूला घेऊन हळूच सांगितले की आतले कपडे हवेत, पॅड हवेत. ते कुणी आणले नव्हते आणि पुरुषांच्या टेम्पोपाशी मागता येत नव्हते. घराघरात पोटरीएवढा गाळ. कुजलेल्या धान्याचा वास. पेटीतली कागदपत्रे लगदा झालेली, आणि पंचनाम्याला तर कागदच लागतात.

त्या दिवशी आम्ही कपडे उतरवलेच नाहीत. परतलो आणि पुढच्या फेरीला फावडी, घमेली, खराटे, फिनेल, हातमोजे आणि पेंडीची पोती नेली. अर्ज लिहून देऊ शकतील अशी चार चांगल्या अक्षराची मुले सोबत घेतली. गाळ काढायचे काम छायाचित्रात चांगले दिसत नाही आणि ते संपत नाही. दुपारपर्यंत एक खोली होते. तोवर आधीचे बरेच ट्रक परत गेले होते, पत्रकार दुसऱ्या बातमीकडे वळले होते. गावाला माणसे लागत होती ती तेव्हा.

रक्ताचे आणि गाळाचे हे दोन अनुभव एकाच महिन्यातले, आणि दोन्हींतून एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली. मदत कधी करायची ते आम्ही आमच्या सोयीने ठरवत होतो. आमच्या मनाला धक्का बसला तो दिवस, ध्वजवंदनाचा दिवस, जयंतीचा दिवस, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा दिवस. ज्याला मदत हवी त्याचा दिवस कुठला, हे विचारायची पद्धत आमच्यात नव्हती.

रक्तपेढ्यांचे वर्ष पाहिले तर हे लख्ख दिसते. डिसेंबर-जानेवारीत शिबिरांची गर्दी असते. एप्रिलअखेर परीक्षा संपून कॉलेजे ओस पडतात, ऊन चढते, लोक गावाला जातात, आणि मे महिन्यात दरवर्षी रक्ताची टंचाई जाहीर होते. दिवाळीतही तसेच. अपघात, बाळंतपणे, शस्त्रक्रिया यांना सुट्टी नसते. पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस थांबावे लागते. म्हणजे जानेवारीच्या अखेरीस ज्याने उत्साहाने रक्त दिले तो एप्रिलच्या अखेरपर्यंत यादीतून बाद. सगळ्या गावाला एकाच दिवशी रक्त द्यायला लावणे म्हणजे पुढचे तीन महिने त्या गावाकडे मागायला कुणी न उरणे, हे मला इतकी वर्षे शिबिरे भरवून लक्षात आले नव्हते.

मग आम्ही वही केली. नाव, रक्तगट, मागच्या रक्तदानाची तारीख, फोन. मुलांची महिन्यांवर वाटणी केली आणि पेढीकडून निरोप आला की ज्यांची पाळी असेल त्यांना पाठवायचे. मला वाटलेली भीती काही प्रमाणात खरी ठरली. यादीतली पुष्कळ मुले गळाली, काहींनी फोन उचलले नाहीत. अहवालातला आकडा खाली आला आणि त्याबद्दल मला विचारणाही झाली. पण जी मुले टिकली ती घट्ट टिकली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, लग्नाच्या घाईत, सुट्टीत गावी असताना एसटीने मिरजेला जाऊन रक्त देऊन येणारी मुले मी पाहिली. त्यांच्यासाठी स्टेज नव्हते, प्रमाणपत्र नव्हते.

मार्च २०२० नंतर ही वही कामी आली. टाळेबंदीत कॉलेज बंद, शिबिरे बंद. तेव्हा दोघा-दोघांना, ठरवून दिलेल्या वेळी बोलावता येत होते ते फक्त नावे आणि तारखा हाताशी असल्यामुळे. पुढच्या वर्षी लस आली. लस घेतल्यावर रक्तदानाला सुरुवातीला २८ दिवस आणि नंतर १४ दिवसांची बंदी होती, म्हणून मुलांनी लसीच्या आधी रक्त द्यायचे ठरवले, तेही याच वहीतून. जुलै २०२१ मध्ये आयर्विनला पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेले. या खेपेला आम्ही पहिल्या दिवसांत बाहेर पडलो नाही. बोटींचे काम आपत्ती दलाच्या जवानांचे. त्यांच्या वाटेत आम्ही कशाला उभे राहायचे? आधी गावांतल्या आशाताईंना फोन करून काय हवे ते विचारले आणि गाळ उघडा पडल्यावर गेलो.

एका गोष्टीबद्दल मात्र मला आजही राग आहे, आणि तो लपवायचा नाही. रक्तदात्याला हेल्मेट, बॅग, मिक्सर असली आमिषे दाखवून भरवलेली शिबिरे. त्यातून आकडा फुगतो हे एक. त्याहून वाईट असे की रक्त निर्धोक असणे हे दात्याच्या खरे बोलण्यावर बरेच अवलंबून असते. संसर्ग झाल्यावर काही काळ तो तपासणीत सापडत नाही. त्या काळात रुग्णाला वाचवणारी गोष्ट एकच, दात्याने फॉर्मवरच्या प्रश्नांना दिलेले प्रामाणिक उत्तर. बक्षीस समोर ठेवले की ते उत्तर डळमळते. पैसे देऊन घेतलेले रक्त कोर्टाने बंद केले ते याच कारणासाठी. वस्तू देऊन घेतलेले रक्त त्याच्यापासून फार दूर नाही.

वही सुरू झाल्यावर आणखी एक गोष्ट पुढे आली, ती आमच्या मुलींची. रक्तदानाला हिमोग्लोबिन किमान साडेबारा लागते आणि वजन किमान ४५ किलो. दर शिबिरात मुलींची रांग लागायची आणि टेबलापाशी बऱ्याच मुली परत फिरायच्या. मी त्यांना ‘पुढच्या वर्षी’ म्हणायचे आणि आकड्याकडे वळायचे. परत गेलेल्यांचा रकाना अहवालात नव्हता. आता वाटते, त्या टेबलावर आम्हाला सर्वांत महत्त्वाची माहिती मिळत होती. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहण्या सांगतात. आमच्या व्हरांड्यात त्याच मुली उभ्या होत्या. आम्ही त्यांची वेगळी यादी केली. आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या, जंताचे औषध, डब्यात काय असते याची विचारपूस, आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. पहिल्यांदा परत फिरलेली एक मुलगी पुढे पदवीच्या शेवटच्या वर्षी रक्त देऊन आली तेव्हा तिच्या आईने मला फोन केला. आईचेही हिमोग्लोबिन तोवर तपासून झाले होते. शिबिरात जी पिशवी भरली नाही तिच्यामुळे एक घर सुधारले, असे मी ठामपणे म्हणेन.

मोठी शिबिरे बंद करा, असे माझे म्हणणे नाही. जिथे अजून भीती आहे, जिथे कुणी कधी रक्त दिलेले नाही, तिथे ती हवीत. दुसरे कारण दुर्मीळ रक्तगटांचे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ज्या रक्तगटाचा शोध लागला, तो ‘बॉम्बे’ रक्तगट फार थोड्या लोकांत सापडतो, आणि त्यांना त्याच गटाचे रक्त लागते. असे दाते हाताशी यायचे तर पुष्कळ लोकांचे रक्त नीट तपासले जायला हवे. त्यासाठीही शिबिरांना येणारे लोक हवेत. माझा आक्षेप तारखेला आहे आणि आकड्याच्या हौसेला आहे. एका दिवशी पाचशे पिशव्या गोळा करणाऱ्या मंडळापेक्षा दर महिन्याला चाळीस पिशव्या देणारे मंडळ मला आज मोठे वाटते.

तुमच्या मंडळाचे, कॉलेजचे किंवा सोसायटीचे शिबिर ठरत असेल तर मांडववाल्याच्या आधी रक्तपेढीला फोन करा. आमच्याकडे इतके दाते आहेत, तुम्हाला कधी आणि किती हवेत, असे विचारा. त्यांनी मे महिना सांगितला तर मे महिन्यात घ्या. थोडे थोडे द्या म्हणाले तर थोडे थोडे द्या. आणि यंदा पाणी चढल्याची बातमी आली तर त्या गावातल्या कुणाशी तरी बोलल्याशिवाय टेम्पो भरू नका.